भिंतीला चिकटलेला मलेरिया

२२ जुलै २०२४, सोमवार
उज्जैनला महाकालाची पहिली सवारी. गोपाळ मंदिराकडचे रस्ते दुपारपासूनच बंद, त्यामुळे फ्रीगंजच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. इकडचा श्रावण आज लागला, आपला अमावास्येनंतर लागेल. उपास कुणाचा कधी, यावर सुनेशी दरवर्षीची वाटाघाट झाली.

संध्याकाळी मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. २० ऑगस्टला मच्छर दिन असतो म्हणे, ''डॉक्टरताई, तुम्ही मलेरियावर बोला, पण घाबरवू नका.'' १८९७ साली त्याच तारखेला रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. ती गोष्ट शाळेच्या पुस्तकातच होऊन गेली. मी मलेरियाचे संशोधक चेतन चिटणीस यांच्याबद्दल बोलणार. त्यांचं काम समजलं तेव्हा माझ्या नोकरीतलं एक जुनं कोडं सुटलं होतं.

२५ जुलै
ते कोडं असं. पावसाळा ओसरताना झाबुआकडून तापाचे रुग्ण यायचे. फाल्सिपेरम या जातीच्या मलेरियाच्या स्लाइडवर ऑइल इमर्शनखाली कोवळ्या जंतूच्या नाजूक अंगठ्या दिसायच्या, कधी केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट. या दोहोंच्या मधली, वाढीला लागलेली रूपं जवळपास कधीच नाहीत. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीत मात्र सगळं कुटुंब एकाच स्लाइडवर हजर. शिवाय कधी स्लाइडवर चारदोन अंगठ्या आणि रुग्ण बेशुद्ध. कधी स्लाइड भरलेली आणि रुग्ण चहा मागतोय.

पुस्तकात उत्तर होतं, पण एका ओळीत उरकलेलं. फाल्सिपेरमचं लाल पेशीतलं चक्र ४८ तासांचं. पहिला अर्धा भाग तो रक्तात फिरतो. मग त्या लाल पेशीच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे येतात, त्यांवर जंतूचं स्वतःचं प्रथिन येतं, आणि पेशी बारीक शिरांच्या भिंतीला चिकटून बसते. फिरत राहिली तर प्लीहा तिला गाळून काढेल, म्हणून हा बंदोबस्त. मार्कियाफावा आणि बिग्नामी या इटालियन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच मृतांच्या मेंदूत अशा पेशींनी गच्च भरलेल्या शिरा पाहिल्या होत्या. म्हणजे बोट टोचून आम्ही जे रक्त घेत होतो, त्यात दुखणं निम्मंच यायचं.

३१ जुलै
दिवसभर पाऊस. क्षिप्रेचं पाणी रामघाटाच्या पायऱ्यांवर चढलंय, असं दूधवाला सांगून गेला.

ज्या भिंतीला हे चिकटतं ती भिंत म्हणजे पेशींचा एकच थर. आमच्या शिक्षणात हे अस्तर म्हणजे नळाच्या आतला गिलावा. त्याला काही मत असेल, असं कुणी शिकवलं नाही. पण प्रयोगशाळेत ते जगवायला जमल्यावर चित्र पालटलं. १९७३ मध्ये जॅफे आणि सहकाऱ्यांनी बाळाच्या नाळेतल्या शिरेतून या पेशी काढून बशीत वाढवल्या. प्रसूतिगृहात फेकून देतात ती नाळ! १९७६ मध्ये ट्रॅगर आणि जेन्सन यांनी फाल्सिपेरम बाटलीत वाढवला. दोन्ही हाताशी आल्यावर पुढचा प्रयोग उघडच होता, आणि १९८१ मध्ये झाला: जंतू शिरलेल्या लाल पेशी बशीतल्या अस्तराला चिकटल्या, निरोगी पेशी नाही. तो करणाऱ्यांत अमेरिकेचे लुई मिलर होते. हे नाव भाषणात पुन्हा येईल, म्हणून फळ्यावर लिहून ठेवायचं.

५ ऑगस्ट, सोमवार
आपला श्रावण आज लागला, तोही सोमवारी. सवारीही आहेच.

चिटणीसांचं शिक्षण पुन्हा वाचलं. मुंबईच्या आयआयटीतून भौतिकशास्त्र, राइस विद्यापीठातही तेच, बर्कलेला जीवभौतिकी. मलेरियाशी गाठ पडली ती त्यानंतर, मिलर यांच्या प्रयोगशाळेत. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या बहुतेक लोकांना व्हायवॅक्स का होत नाही, याचा उलगडा मिलर यांनी १९७६ मध्ये केला होता: त्यांच्या लाल पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं, आणि जंतूला आत शिरायला तेच धरावं लागतं. धरणारा हात जंतूच्या प्रथिनाच्या नेमक्या कोणत्या तुकड्यात आहे, हे चिटणीस आणि मिलर यांनी १९९४ मध्ये दाखवलं.

पुढच्याच वर्षी फाल्सिपेरमच्या 'व्हार' जनुकांचा शोध लागला. लाल पेशीला शिरेच्या भिंतीवर चिकटवणारं प्रथिन, पीएफ-ईएमपी-१, ही जनुकं घडवतात. एका जंतूत ती साठेक असतात. एका वेळी बहुधा एकच चालू, म्हणून आपल्या प्रतिकारशक्तीला ओळख पटेपर्यंत जंतू वेश बदलून मोकळा. आणि या प्रथिनांमध्ये तोच डफीला धरणाऱ्या घराण्यातला तुकडा पुन:पुन्हा गुंफलेला निघाला. दार उघडायचा हात आणि भिंत धरायचा हात एकाच घडणीचे!

मला या माणसाच्या कारकिर्दीत हेच आवडतं. दिल्लीच्या आयसीजीईबी या संशोधन संस्थेत आल्यावर त्यांनी व्हायवॅक्सच्या लशीचं काम सोडलं नाही आणि शिरांची भिंतही सोडली नाही. हा तुकडा अस्तरावरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला कसा धरतो हे त्यांच्या गटाने तपासलं. २००७ मध्ये जीसी१क्यूआर ही भिंतीवरची आणखी एक पकड त्यांना सापडली. प्लेटलेटांच्या मदतीने लाल पेशींचे गठ्ठे होतात तेही तिच्याच आधाराने. २००४ चा भटनागर पुरस्कार, २०१० चा इन्फोसिस पुरस्कार, २०१४ पासून पॅरिसची पाश्चर संस्था. पुरस्कार भाषणात एका वाक्यात उरकायचे.

११ ऑगस्ट
इंदूरहून भाची आली. डोळ्यांची डॉक्टर. म्हणाली, ''मावशी, तुझी ती चिकटलेली भिंत मी रोज बघते की!'' खरंच आहे. शरीरात शिरा उघड्या दिसाव्यात अशी एक जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. आफ्रिकेत बेशुद्ध मुलांच्या डोळ्यात पाहून मेंदूचा मलेरिया आहे की दुसरंच काही, हे डॉक्टर ठरवतात. २०१३ मध्ये हेही कळलं की गंभीर आजाराचे जंतू भिंतीवरच्या ईपीसीआर या प्रथिनाला धरतात. रक्त गोठू न देणं आणि भिंत गळू न देणं, ही कामं त्याची. तोच अडकला की शीर झिरपते. भाचीने जेवताना सगळं ऐकून घेतलं आणि अळूचं फदफदं दोनदा वाढून घेतलं.

२० ऑगस्ट
भाषण झालं. गर्दी बेताची, पण ऐकणारी.

बँकेतून निवृत्त झालेल्या एकांनी विचारलं, ''ताई, एवढ्या वर्षांच्या संशोधनातून निघालं काय?'' प्रश्न रास्त आहे. चिकटणं सोडवणारं औषध अजून बाजारात नाही, हे आधीच सांगितलं. डफीला धरणाऱ्या जंतूच्या प्रथिनावर बेतलेल्या चिटणीसांच्या लशीची चाचणी ऑक्सफर्डला झाली. २०२३ मध्ये छापलेल्या निकालात लस घेतलेल्यांच्या रक्तात व्हायवॅक्स वाढण्याचा वेग साधारण निम्म्याने घटला. लस म्हणून हे पुरेसं नाही, पण तीस वर्षांपूर्वी ओळखलेला तुकडा निवडणं बरोबर होतं, एवढं त्यातून दिसतं.

मग आर्टेसुनेट सांगितलं. २००५ मध्ये आशियातल्या मोठ्या चाचणीत, भारतातले रुग्णही त्यात होते, गंभीर मलेरियात क्विनीनवर २२ टक्के दगावले, आर्टेसुनेटवर १५. क्विनीन मुख्यतः वाढलेल्या जंतूला मारतं. आर्टेसुनेट कोवळ्या अंगठीलाही मारतं, ती भिंतीला चिकटायच्या आधीच. म्हणून मी भिंतीची एवढी कथा लावली होती.

ते म्हणाले, ''मग स्लाइड निगेटिव्ह आली तर सुटलो?'' नाही सुटलात. जंतू भिंतीला असताना बोटातल्या रक्तात दिसेलच असं नाही. चिकटलेल्यांचंही एक प्रथिन रक्तात उतरतं आणि रॅपिड किट ते पकडतं. ताप राहिला तर किट करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्लाइड काढा, असं सांगितलं. त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं.