चला, नागपाड्याच्या कोर्टावर!

मुलांनो, डोंबिवलीहून लोकल पकडा, ठाणे मागे टाका आणि भायखळ्याला उतरा. तिथून चालत नागपाडा! दाटीवाटीच्या इमारती, रस्त्यावर ही रहदारी आणि तिथेच बास्केटबॉलचं मैदान. मैदानाला नाव बच्चू खान यांचं. ते इथल्या पोरांचे प्रशिक्षक होते. याच वस्तीतले अब्बास मुंतसिर पुढे भारताचे कर्णधार झाले. १९७० चा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

आपल्याकडेही मोकळी जागा कमीच. म्हणून काय रडत बसायचं? छे! खऱ्या कोर्टावर कडं १० फूट उंच असतं आणि फ्री थ्रोची रेषा फळीपासून १५ फुटांवर. सरांकडून शाळेच्या भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने गोल काढून घ्या. १५ फुटांवर रेघ मारा. दोन गट करा, प्रत्येकाने पाच वेळा चेंडू फेकायचा. हरलेल्या गटाने पटांगणाला एक फेरी!

आता खरी गंमत. काल दोन नेम लागले आणि आज तीन, तर गटाला एक जादा गुण. मग ज्याला कुणी गटात घेत नाही, तोही हवाहवासा वाटेल. कारण कालच्या स्वतःला हरवणं तर प्रत्येकालाच जमतं. बघा करून!