सिस्टर आणि मावशी



गेला महिनाभर आम्ही दोघी बहिणी सिंगापुरात आहोत, एकीच्या लेकीकडे आणि दुसरीच्या भाचीकडे. परवा तिच्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात गेलो. शेजारच्या चिनी आजीने नर्सला "मिसी" अशी हाक मारली. इथली जुनी माणसं तसंच म्हणतात. नातवाने विचारलं, "तुम्हाला पण मिसी म्हणायचे?"

"नाही रे, सिस्टर म्हणायचे."

"पण तुम्ही त्यांच्या सिस्टर कुठे होता?"

खरंच, कुठे होतो? युरोपात आजाऱ्यांची सेवा शतकानुशतकं ख्रिस्ती मठांतल्या जोगिणी करीत. त्यांना सिस्टर म्हणत. पुढे काम मठाबाहेर आलं, हाक तीच राहिली. सिंगापुरातही 1885 साली कॉन्व्हेंटच्या फ्रेंच जोगिणी सिपॉय लाइन्सच्या जनरल हॉस्पिटलात नर्सिंगला लागल्या. त्याची आठवण म्हणून इथे दर 1 ऑगस्टला परिचारिका दिन असतो. (सिपॉय म्हणजे आपला शिपाईच. कंपनीच्या हिंदी पलटणी तिथे राहत. आपल्या कितीतरी घरांत सुभेदार होऊन गेले, त्यामुळे ते नाव वाचून उगाचच बरं वाटलं.)

विलायतेत सिस्टर म्हणजे वॉर्डाची प्रमुख. आपल्याकडे गणवेश चढवला की पहिल्या दिवसापासून सिस्टर, आणि पुरुष असेल तर ब्रदर. इस्राएलमधल्या वाचकांना याचं नवल वाटायचं नाही. हिब्रूत 'अखोत' म्हणजे बहीण आणि अखोत म्हणजेच नर्स. आमच्या घरी त्या 'ख'चा 'ह' होतो, म्हणून "आम्ही अहोत आहोत" हा विनोद आम्ही अजून करतो.

शब्दाची कुळकथा त्याहून गमतीची आहे. जुन्या इंग्रजीत बहिणीला 'स्वेओस्टोर' म्हणत. आजचं सिस्टर हे रूप नॉर्स लोकांच्या 'सिस्टिर'च्या वळणावर गेलेलं. जर्मन 'श्वेस्टर' याच घराण्यातली, आणि आपली संस्कृत 'स्वसृ'सुद्धा. मराठीने मात्र भगिनीवरून बहीण घेतली. मग स्वसृ गेली कुठे? ती मावशीत लपली. मातृष्वसृ, म्हणजे आईची बहीण, हा शब्द झिजत झिजत मावशी झाला.

म्हणजे वॉर्डात आम्हाला सिस्टर म्हणत आणि बेडपॅन उचलणाऱ्या, लादी पुसणाऱ्या बाईला मावशी म्हणत, त्या दोन्ही हाकांत एकच शब्द होता. तेव्हा हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी काही फरक पडला असता का, कोण जाणे.

कारण आमची आई मावशी होती. वडील लवकर गेले, तेव्हा ती अलिबागकडचं घर सोडून मुंबईला आली आणि एका हॉस्पिटलात लागली. शब्बाथची सुट्टी मिळावी म्हणून दुसऱ्या बायकांच्या रात्रपाळ्या करायची. त्याच पगारात तिने आम्हा दोघींना वर्षाच्या अंतराने नर्सिंगच्या डिप्लोमाला घातलं. शिकत होतो तेही त्याच हॉस्पिटलात.

एका सकाळी राउंड चालू होता. आई कोपऱ्यात लादी पुसत होती. नव्या डॉक्टरांनी आमच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. चेहरे सारखेच. "या तुमच्या कोण?" त्यांनी सहज विचारलं.

"वॉर्डातल्या मावशी," आमच्यातली एक म्हणाली. नक्की कोण म्हणालं यावरून आमचं आजही भांडण होतं. पण दुसरी गप्प राहिली, एवढं दोघींना मान्य आहे.

आईने ऐकलं. फडकं बादलीत पिळलं आणि पुढची लादी पुसायला घेतली.

संध्याकाळी घरी आलो तर तिने नारळाच्या दुधातली माशाची आमटी केली होती. ताटं वाढली, पाण्याचे तांबे ठेवले. मग दारात उभी राहून, वॉर्डात मारायची त्याच आवाजात तिने हाक मारली, "सिस्टर, जेवायला बसा."