साडेआठची मालिका आणि आपलं हसणं



मागचे दोन लेख चातुर्मासातल्या भाज्या आणि सोवळ्याओवळ्यावर झाले. आज जरा हलका विषय घेते. मला टीव्हीवरच्या विनोदी मालिका फार आवडतात. सासू-सुनांच्या रडक्या मालिका मी कधीच धड पाहिल्या नाहीत, पण विनोदी एकही सोडली नाही.

आपल्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवण होतं. आरती करून घरी यावं तर भांडीसुद्धा घासलेली असतात. आमच्या दिग्रसला शेजारणी पोळ्या लाटत असतात, तेव्हा आम्ही सासू-सुना साडेआठला ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ लावून निवांत बसलेल्या असतो. रात्रिभोजनत्यागाचा हा फायदा कुठल्या शास्त्रात लिहिलेला नाही, पण आहे.

माझी मतं सरळ सांगते. २००२ ची ‘खिचडी’ सगळ्यात भारी. सुप्रिया पाठकची हंसा काहीही काम करत नाही, तिला त्याचं काही वाटतही नाही, आणि घरात कुणी तिला हाकलत नाही. २००४ ची ‘साराभाई वर्सेस साराभाई’ दुसरी. रत्ना पाठक शहांची माया सुनेला इतकं गोड बोलून टोचते की माझ्या सासूबाईही हसतात, आणि मग माझ्याकडे बघून गप्प होतात. ‘तारक मेहता’ २००८ पासून चालू आहे. तारक मेहतांनी ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात १९७१ पासून गुजरातीत जे सदर लिहिलं, त्यावर ती बेतलेली. दयाबेन गेल्यापासून तिच्यात पूर्वीची मजा राहिली नाही, हे माझं ठाम मत आहे. सिनेमांत १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ कितीही वेळा लागला तरी मी बसते. त्यातली सगळी सोंगं डोक्यावर छप्पर हवं म्हणून आहेत, कुणाला खाली दाखवायला नाहीत. आणि ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भारत गणेशपुरे आपल्या वऱ्हाडीत बोलायला लागले की आमच्या घरी टीव्हीचा आवाज वाढतो. आपली बोली ऐकून हसू येतं, पण ते हसू आपल्या माणसाला भेटल्याचं असतं.

आता धर्माचं. दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राच्या एका अध्यायाचं विवेचन असतं, ते तुम्ही ऐकताच. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय येतो. त्यात अनर्थदंडव्रताचे अतिचार सांगितलेत: कंदर्प म्हणजे चावट थट्टा, कौत्कुच्य म्हणजे अंगविक्षेप करून केलेली सोंगं, मौखर्य म्हणजे वायफळ बडबड. टीव्हीवरच्या निम्म्या विनोदाची यादीच झाली! आठव्या दिवशी बंधाचा अध्याय. तिथे नोकषायांत पहिलंच नाव हास्याचं.

हे ऐकून काही बायका म्हणतात, मग टीव्हीच बंद करा. पर्वाचे दहा दिवस आमच्याकडे तो बंद असतोच. पण व्रताच्या नावातच ‘अनर्थ’ आहे, म्हणजे काही कारण नसताना कुणाला दंड. मी बाकीचे अकरा महिने वीस दिवस हाच प्रश्न धरून बसते: या हसण्याचा दंड कुणाला पडतोय? पडद्यावरच्या हंसाला पडत नाही. ती उद्या पुन्हा तशीच झोपाळ्यावर बसणार आहे. दंड पडतो तो पडद्याबाहेरच्या माणसाला.

माझा एक भाचा आहे. वय चौतीस, वडिलांचं कापडदुकान सांभाळतो. स्वभावाने गरीब, निर्व्यसनी. पण दुकान तालुक्याच्या गावी, म्हणून स्थळं पुढे सरकत नाहीत. मुलींना पुण्या-नागपूरचा नोकरीवाला हवा असतो. त्यात त्यांचं काही चुकतं असंही मी म्हणणार नाही. अशी मुलं आपल्या समाजात आता प्रत्येक गावात आहेत. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात हा मंडपात शिरला आणि नात्यातलंच कुणीतरी ओरडलं, “आले, आले, पोपटलाल आले!” सगळे हसले. तोही हसला, वाढायलाही उभा राहिला. त्यानंतर तो एकाही लग्नाला आलेला नाही. “दुकानात माणूस नाही” म्हणतो. माझी बहीण आहेर घेऊन एकटी येते, आणि कुणी विचारलं की तेच सांगते.

पोपटलाल पाहून मीही पोटभर हसते. श्याम पाठक काम छानच करतात. पण ती मालिका नीट पाहिलीत तर एक गोष्ट दिसेल. गोकुलधामवाले पोपटलालची थट्टा करतात आणि स्थळ आलं की जेठालाल, भिडे, तारक सगळे त्याच्यासाठी धावपळही करतात. आपण त्यातली थट्टा तेवढी घरी आणली, धावपळ तिथेच ठेवली.

म्हणून आमच्या घरी एक नियम आहे. मालिकेतलं नाव जिवंत माणसाला लावायचं नाही. पोरं आत्याला ‘हंसा’ म्हणायला लागली, तेव्हा सासूबाईंनीच तो घातला. टीव्ही मात्र चालू आहे.

आणि तुम्हाला एक विनंती. क्षमावाणीला आपण सगळ्यांना हात जोडतो, ते होईलच. पण पुढच्या परिचय मेळाव्याला जाताना आपल्या मुलीच्या बायोडाट्यासोबत अशा एखाद्या मुलाचाही बायोडाटा पिशवीत टाका. चार घरी दाखवा. दुकान चांगलं चालतं, आई-वडील समजूतदार आहेत, मुलगी पुढे शिकली तरी हरकत नाही, हे तोंडाने सांगा. पोपटलालसाठी गोकुलधाम इतकी वर्षं हेच करतंय.

जय जिनेंद्र.