नागमोडी खूण

दहावीच्या गणितात आलेखाचे मार्क हक्काचे मानले जातात. आयतालेख, वारंवारता बहुभुज, वृत्तालेख. काय येणार ते ठरलेलं आणि काढायची रीतही ठरलेली. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहायचं, पेन्सिलला टोक करायचं. वृत्तालेख असेल तर घटकाला एकूण संख्येने भागायचं, ३६० ने गुणायचं आणि कोनमापक लावायचा.

पुण्यात आमच्या भागातल्या एका अभ्यासिकेत मी दर रविवारी सकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. या मुलांचे आलेख माझ्यापेक्षा सुबक येतात. पण काढून झालेल्या आलेखावर बोट ठेवून "यात काय दिसतंय?" असं विचारलं की सगळे गप्प. मग एखादा हळूच म्हणतो, "दादा, प्रश्नात फक्त काढायला सांगितलंय."

त्याचं बरोबर आहे. प्रश्नात 'आयतालेख काढा' असंच असतं. आयतालेखच का, स्तंभालेख का नाही, हे ठरवायची वेळ मुलांवर येतच नाही. ती आणायची म्हणून मी त्यांना विल्यम प्लेफेअरची गोष्ट सांगतो. या स्कॉटिश माणसाने १७८६ साली व्यापाराच्या आकड्यांचं एक पुस्तक काढलं. त्यातले जवळपास सगळे आलेख रेषांचे, वर्षानुवर्षांची आयात-निर्यात दाखवणारे. स्कॉटलंडचे मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. एका वर्षाची रेघ कशी ओढणार? म्हणून त्याने प्रत्येक देशासाठी पट्ट्या काढल्या. हा स्तंभालेखाच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी एक, आणि तो आकडे कमी पडले म्हणून निघाला. मुलांना हे फार आवडतं. मोठ्या माणसाकडेही डेटा नव्हता, याचं त्यांना बरं वाटत असावं.

पण खरी गंमत त्या नागमोडी खुणेत आहे. आयतालेखात वर्ग १४० पासून सुरू होत असतील, तर आरंभबिंदूजवळ अक्षावर एक छोटी वेडीवाकडी खूण करायची असते. सगळी मुलं ती न चुकता करतात. ती कशासाठी, तर "नाही केली तर अर्धा मार्क जातो." खरं तर ती खूण बघणाऱ्याला सांगते, की मधला भाग मी कापलाय, लक्षात ठेव.

ऑफिसात मी दिवसभर डॅशबोर्ड बनवतो. तिथे अशी खूण कुणी मागत नाही. मागतात ते "ग्राफ जरा वर जाताना दिसू दे."

जूनमध्ये नववीतली एक मुलगी एका क्लासचं पत्रक घेऊन आली. त्यावर तीन वर्षांच्या सरासरी टक्क्यांचे तीन स्तंभ होते: ९२, ९४, ९७. तिसरा स्तंभ पहिल्याच्या साडेतीन पट उंच, कारण उभा अक्ष ९० पासून सुरू होत होता. खूण नव्हती. फी २८ हजार. तिचे बाबा बेकरीत कामाला आहेत, आणि ते भिशी लवकर उचलून ही फी भरणार होते.

मी म्हटलं, हाच आलेख शून्यापासून काढा. १ सेंटीमीटरला १० टक्के. सगळ्यांनी काढला. स्तंभ आले ९.२, ९.४ आणि ९.७ सेंटीमीटरचे. पहिल्यात आणि तिसऱ्यात फरक पाच मिलिमीटरचा. "फसवलं!" असा एकच ओरडा झाला. मला मात्र तशी खात्री नव्हती. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल कधी कधी स्वतःच अक्ष मधून सुरू करतं. पत्रक बनवणाऱ्याने कदाचित ते पाहिलंही नसेल.

शिवाय शून्याचा नियम सगळीकडे लावला तर घोटाळा होतो. हे दाखवायला मी फळ्यावर तापाचा तक्ता काढला. फॅरेनहाइटमध्ये ९८ वरून १०३ वर गेलेला ताप शून्यापासूनच्या अक्षावर टाकला, तर रेघ जवळजवळ सपाट दिसते. पेशंट तापाने फणफणलाय आणि आलेख म्हणतोय, सगळं ठीक. स्तंभात आपण लांबी वाचतो, म्हणून तो खालून कापला की खोटं बोलतो. रेषेत आपण चढ-उतार वाचतो, तिथे कापणं चालतं. कधी कधी कापावंच लागतं. एवढं समजायला दोन रविवार गेले, आणि माझ्या मते ते वृत्तालेखाच्या दहा गणितांपेक्षा जास्त कामाचे होते. (परीक्षेच्या दृष्टीने नव्हते, हे पालकांनी मला सांगून झालंय.)

एक मुलगा शेवटपर्यंत अडून बसला. "पण दादा, वाढलेत ना टक्के?" वाढलेत. पाच मिलिमीटर का होईना, वाढलेतच. ते किती मुलांचे आहेत, हे मात्र पत्रकावर कुठेच नव्हतं.

मुलीने दोन्ही आलेख घरी नेले. बाबांनी ते शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले, असं तिने पुढच्या रविवारी सांगितलं. अक्षाबिक्षाबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मधेच क्लास सोडून गेलेली पोरं यात धरलीत का?"

मी तिला दोन आलेख काढून दिले होते, हा प्रश्न मात्र मला सुचला नव्हता.

आता ती वही घेऊन आसपासच्या बिल्डिंगींत फिरते आहे. एका रकान्यात क्लासला गेलेली मुलं, दुसऱ्यात शेवटपर्यंत टिकलेली. काल तिने मला यादी दाखवली. पहिल्या रकान्यात नऊ नावं, दुसऱ्यात पाच. मी म्हटलं, "नऊ मुलांवरून काही ठरवता येत नाही."

"माहितीये," ती म्हणाली. "अजून दोन बिल्डिंगी राहिल्यात. भिशी १० तारखेला आहे."