आधी इंजेक्शन, मग निदान

अचानक पोट धरून आलेल्या रुग्णाला सर्जनने तपासेपर्यंत वेदनाशामक द्यायचं नाही, हा नियम मी वर्षानुवर्षं पाळला, ज्युनियरांकडूनही पाळून घेतला. आता तो मी मानत नाही. तरीही त्याला कुणी निव्वळ अडाणीपणा म्हटलं, की मला राग येतो.

झॅकरी कोप यांचं तीव्र पोटदुखीच्या निदानावरचं पुस्तक १९२१ साली आलं. निदान ठरण्याआधी मॉर्फिन देऊ नका, हा त्यांचा इशारा आमच्या पिढीपर्यंत पाठ होऊन पोचला. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, सीटी नव्हतं. सर्जनचा हात आणि रुग्णाची तक्रार, एवढ्यावरच पोट उघडायचं की नाही ते ठरे; औषधाने वेदना दबली तर निदान चुकेल, ही भीती होती.

१९९२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १०० रुग्णांचा अभ्यास आला. काहींना अफूवर्गातलं औषध, काहींना नुसतं सलाइन. औषधाने वेदना घटल्या, निदान बिघडलं नाही. पुढे अशा अभ्यासांच्या कॉक्रेन आढाव्यातही तेच निघालं. मी वाचलं, मान डोलावली आणि जुनंच करत राहिलो.

मला हलवलं ते आमच्याच वॉर्डातल्या विसंगतीने. आतड्याचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाला आम्ही एपिड्युरल लावतो, म्हणजे त्याचं पोट मुद्दामच बधिर करतो. जोड सुटला तर ते ओळखतो वाढलेल्या नाडीवरून, श्वासावरून, कमी झालेल्या लघवीवरून. निदानासाठी त्याला दुखू द्या, असं कधी कुणी म्हटलं नाही. मग कॅज्युअल्टीत कळवळणाऱ्यालाच ही शिक्षा का?

तपासणीआधी औषध द्यायला लागल्यावर त्या भीतीच्या उलटाच अनुभव आला. घाबरलेला माणूस पोट आवळून धरतो. औषधाने ते सैल पडतं आणि दुखरी जागा नेमकी सापडते. अल्सर फुटून आलेला फळीसारखा कडकपणा मात्र तेवढ्याने जात नाही.

आता माझ्याकडे शिरेतून थोडं थोडं मॉर्फिन दिलं जातं, वेळ केसपेपरवर लिहिली जाते आणि थोड्या वेळाने शक्यतो तोच हात पुन्हा पोट तपासतो. मॉर्फिन सहज मिळत नाही अशा लहान गावांत ट्रॅमाडॉल किंवा शिरेतलं पॅरासिटामॉल चालतं. अल्सरची, रक्तस्रावाची किंवा मूत्रपिंडाच्या बिघाडाची शंका असेल तर डायक्लोफेनॅक नको.

वेदनेची मात्र मला आजही धास्ती वाटते. पोट मऊ आणि दुखणं भयंकर, अशा वेळी आतड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. म्हातारे, मधुमेही, स्टेरॉइड घेणारे यांच्या पोटात पू असूनही ते फारसं कण्हत नाहीत. म्हणून इंजेक्शन देऊन, बरं वाटतंय म्हणताच घरी पाठवायला माझा विरोध पूर्वीइतकाच आहे. औषध लगेच द्यावं आणि ते दिलं म्हणूनच रुग्णाला नजरेआड करू नये.