पंचेचाळीसवर आशा

परवा जालन्याला आत्याकडे गेलो होतो. दुपारची लाइट गेलेली, आत्या पंख्याखाली सवयीने बसलेली. भाचीने मोबाईलवर एक अल्बम पाठवला होता, "मामा, यात आशाबाई आहेत, ऐक" असं लिहून. म्हटलं, आत्यालाच ऐकवू.

अल्बम १९९७ चा. कॉर्नरशॉप नावाचा लेस्टरचा बँड, गाणारा तजिंदर सिंग, इंग्लंडातच जन्मलेला पंजाबी मुलगा. तिकडे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान आपल्या लोकांचंच असणार असं गृहीत धरतात, त्यावरून हे नाव! अल्बमही तसाच, दुकानात सगळंच ठेवलेलं. सतार, ढोलकी, हिप-हॉप, मध्येच अ‍ॅलन गिन्सबर्गचा आवाज, आणि शेवटी बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' चक्क पंजाबीत. काही गाणी मला नुसती भरतीची वाटली, खोटं कशाला बोलू. पण दुसरं गाणं, 'ब्रिमफुल ऑफ आशा'... ते आपल्या आशा भोसल्यांवर आहे. लता, रफी यांचीही नावं येतात आणि पंचेचाळीस हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. ४५ आरपीएम, म्हणजे ती छोटी सात इंची तबकडी.

तशा तबकड्या आमच्याकडेही होत्या. आत्याच्या. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, तेव्हा एक ट्रंक आणि सुटकेससारखा दिसणारा रेकॉर्ड प्लेअर घेऊन आली. आजोबांची मोंढ्यात आडत होती. घरात लताबाईंची भजनं चालायची. आशाबाईंची 'तसली' गाणी नाहीत, आणि विधवा मुलीने तर नाहीतच. आजोबा दुकानात गेले की आत्या दार लोटून 'कारवाँ'ची रेकॉर्ड लावायची. मी आठ-नऊ वर्षांचा. प्लेअरचा खटका ३३ वर केला की आशाबाई पुरुषासारख्या गायच्या, ७८ वर केला की चिमणीसारख्या. आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

एक दिवस आजोबांनी विचारलं, "दुपारी घरात काय चालतं रे?" मी सांगून टाकलं.

संध्याकाळी ट्रंक पोटमाळ्यावर गेली. वर पत्रे, जालन्याचा उन्हाळा. बऱ्याच वर्षांनी उघडली तेव्हा रेकॉर्डी पापडासारख्या वाकल्या होत्या. आत्या काही बोलली नाही, ट्रंक मात्र धुऊन पुसून गव्हाला घेतली.

असो. गाणं लावलं. आत्याला आता डाव्या कानाने ऐकू येत नाही, मोबाईल उजवीकडे धरला.

"कोण गाऊ लागलाय हा?"

"इंग्लंडचा आहे. पंजाबी."

"आशा म्हणतोय ना? आपली आशा?"

मी सांगितलं, की हे गाणं आधी फारसं चाललं नव्हतं. मग नॉर्मन कुकने त्याचा वेग वाढवून रिमिक्स केलं आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं. (खटका फिरवायचं काम आम्ही त्याच्या कितीतरी आधी केलं होतं, पण आम्हाला कोण विचारतो!) तेही ऐकवलं. आत्याने तोंड वाकडं केलं.

"त्याच्या घरी कुणी बंद केलं नसेल," ती म्हणाली.

आता बोलायलाच हवं होतं. पन्नास वर्षं झाली. "आत्या, तेव्हा आजोबांना मीच..."

"माहीत आहे रे. लिमलेटच्या गोळ्यांनी खिसा भरला होता की तुझा त्या दिवशी."

मला काही सुचेना. लाइट आली, पंखा कुरकुरत सुरू झाला. आत्याने हात लांब करून तो बंद केला.

"परत लाव. ते पहिलं, हळू वालं."