नौकेवरील विजेचा ताळेबंद

पर्जन्यकाळ सरला म्हणजे मुंबईहून गोव्याकडे कोकणपट्टीच्या कडेकडेने शिडाच्या नौकेतून जावे, पहाटे मतलई वाऱ्याचा आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याचा लाभ घेत खाड्यांच्या मुखाशी मुक्काम करावा, हा आमचा हिवाळ्यातील परिपाठ. आणि घरातील कोणती विद्युत्‌-उपकरणे या प्रवासात बाळगावीत, या प्रश्नाचा निकाल मला तेथेच लाभला. नौकेवरील बॅटरी १२ व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची, शिसे व आम्ल यांची. तिच्यातील निम्म्याहून अधिक वीज वारंवार उपसल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून प्रत्यक्ष खर्चावयाची शिल्लक १०० अँपिअर-तासांचीच. इन्व्हर्टर तिच्या दिष्ट प्रवाहाचे घरच्यासारख्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो; नवी वीज तो उत्पन्न करीत नाही, उलट दहा-पंधरा टक्के वीज या व्यवहारात खर्ची पडते.

शास्त्री नदीच्या मुखाशी, जयगडाच्या आश्रयाला नांगर टाकला असता, सोलकढीसाठी नारळ वाटावयाला पत्नीने ५०० वॅटचा मिक्सर लावला, तेव्हा बॅटरीतून जवळजवळ ५० अँपिअर प्रवाह वाहू लागलेला पाहून मी धास्तावलो. “अहो, त्या काट्याकडे काय पाहता? घड्याळाकडे पाहा,” ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे सर्वथा यथार्थ होते, कारण तीन मिनिटांच्या वाटणाला लागले अवघे अडीच अँपिअर-तास. याउलट, ज्याची मागणी क्षणोक्षणी सौम्य भासते तो घरगुती रेफ्रिजरेटर दिवसाकाठी एक युनिट घेत असेल, तर इन्व्हर्टरमधील घट धरून नव्वदांहून अधिक अँपिअर-तास, म्हणजे जवळजवळ सारी शिल्लक, एका अहोरात्रात गिळून टाकतो.

तात्पर्य, क्षणाची मागणी आणि दिवसाचा खर्च ही दोन खाती निराळी ठेवावीत. पहिल्यावरून इन्व्हर्टरची शक्ती, तांब्याच्या तारेची जाडी आणि बॅटरीच्या धन टोकालगतची वितळतार ठरते. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह मागते, म्हणून ५०० वॅटच्या मिक्सरसाठी आम्ही हजार वॅटांहून मोठा, प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतला. तो कोरड्या व हवेशीर जागी बसविला, परंतु बॅटरीच्या डोक्यावर नव्हे, कारण भारित होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या हातांना २३० व्होल्ट प्राणघातक ठरू शकतात, याचे विस्मरण नौकेवर कोणासही परवडणारे नाही. आणि काम संपताच इन्व्हर्टरही बंद करावा, कारण रिकामा असतानाही तो वीज खातच राहतो.

दुसऱ्या खात्यात जमा होते ती सूर्याकडून. १०० वॅटचा सौरफलक हिवाळ्यातील निरभ्र दिवशी साधारण तीस अँपिअर-तास देतो. एवढ्या उत्पन्नात मिक्सर, रात्रीचे दिवे आणि बिनतारी यंत्र निर्वेधपणे चालतात. म्हणून रेफ्रिजरेटर घरी राहिला, मासळी बंदरावरील कोळिणींकडून रोजची रोज ताजी घेण्याची तजवीज झाली, आणि सोलकढी मात्र आमच्या पानातून कधी अंतरली नाही.